हुकुमाआधी आणि हुकुमानंतर

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा भाव विचारण्यास आलेल्या परगावच्या माणसाला, या गावाच्या शेजारी आर्वी येथे साता समुद्रांपलीकडच्या देशांशी बोलण्याची एक थोरली सरकारी व्यवस्था अर्धशतकापूर्वी उभी राहिली होती असे सांगितले, तर ते त्याला सहसा खरे वाटत नाही. आणि ज्याला खरे वाटते तो बहुधा खोडदच्या महाकाय दुर्बिणीशी तिची गल्लत करून मोकळा होतो. खोडदच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या नुसत्या ऐकतात; तारकामंडळांतून येणारे क्षीण रेडिओतरंग टिपणे एवढेच त्यांचे काम. आर्वीची सुमारे ३० मीटर व्यासाची एकुलती तबकडी ऐकत असे आणि बोलतही असे. हिंदी महासागरावर विषुववृत्ताच्या माथ्यावर स्थिर दिसणाऱ्या इंटेलसॅट उपग्रहाकडे तोंड करून ती १९७१ साली कार्यास लागली आणि मुंबईहून लंडनला लागणारा दूरध्वनी, जो तोवर लघुलहरींच्या लहरीवर अवलंबून खरखरत आणि विरत जाई, तो शेजारच्या आळीतल्यासारखा ऐकू येऊ लागला. विक्रम साराभाईंच्या प्रेरणेने भारतीय अभियंत्यांनी बांधलेल्या या केंद्राला त्यांच्या निधनानंतर त्यांचेच नाव मिळाले. या तबकडीविषयी अभिमानाने लिहिले गेले आहे व ते योग्यच आहे. परंतु तिच्या पायथ्याशी पाळ्या करणाऱ्या तंत्रज्ञांच्या, कारकुनांच्या आणि शिपायांच्या नोकरीचे पुढे काय झाले, याची हकीकत फारशी कोणी सांगितलेली नाही, आणि मला ती तबकडीहूनही बोधक वाटते.

ही माणसे विदेश संचार सेवेची नोकर होती, म्हणजे केंद्र सरकारच्या एका खात्याची. या खात्याचे मूळ पुणे जिल्ह्यातच शोधावे लागते. १९२७ साली एका खाजगी कंपनीने खडकी येथे प्रक्षेपणाचे आणि दौंड येथे ग्रहणाचे केंद्र उभारून इंग्लंडशी बिनतारी तारायंत्राचे दळणवळण सुरू केले; पुढे समुद्राखालच्या केबलींचा व्यवहारही त्याच कंपनीच्या वारसदार संस्थेत विलीन झाला; आणि १ जानेवारी १९४७ रोजी सरकारने तो सारा कारभार ताब्यात घेऊन विदेश संचार सेवा हे खाते निर्माण केले. कंपनीचे नोकर त्या दिवशी सरकारी नोकर झाले. पुढे एकोणचाळीस वर्षांनी, १ एप्रिल १९८६ रोजी, खात्याचे विदेश संचार निगम लिमिटेड या सरकारी मालकीच्या कंपनीत रूपांतर झाले, म्हणजे सरकारी नोकर पुनश्च कंपनीचे नोकर होण्याच्या वाटेला लागले. आणि २००२ च्या फेब्रुवारीत सरकारने कंपनीचे पंचवीस टक्के भाग व त्यांच्याबरोबर व्यवस्थापन टाटा समूहाच्या स्वाधीन केले. खुर्ची तीच, टेबल तेच, समोरच्या यंत्रावर लुकलुकणारा दिवाही तोच. बदलला तो पगारपत्रकाच्या माथ्यावरचा धनी. असे धनीपालट होत असताना, ज्याचा धनी बदलतो आहे त्याला कोणी काही विचारते काय, आणि विचारले तर केव्हा व कशा रीतीने, हा या लेखाचा विषय आहे.

आपल्या समाजात सरकारी नोकरीकडे एक पक्का, लिखित, दोहो पक्षांनी सही केलेला करार म्हणून पाहण्याची रीत आहे. मुलगी देताना वधूपिता याच समजुतीवर विसंबतो. कायद्याची दृष्टी मात्र निराळी आहे. १९६७ साली रोशनलाल टंडन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले, की सरकारी नोकरीचा आरंभ नेमणुकीच्या प्रस्तावाने आणि तिच्या स्वीकाराने, अर्थात कराराच्या रीतीने होत असला, तरी एकदा माणूस रुजू झाला की त्याचे नाते करारावर न राहता दर्जावर येते, आणि त्या दर्जाच्या अटी कायद्याने वा नियमाने सरकारला एकतर्फी बदलता येतात; नोकराची संमती त्यासाठी आवश्यक नसते. संविधानाच्या ३०९ व्या अनुच्छेदाने नियम करण्याचा अधिकार दिला आहे आणि ३१० व्या अनुच्छेदाने नोकरी ही तत्त्वतः राष्ट्रपतींच्या वा राज्यपालांच्या मर्जीपर्यंतची ठरविली आहे. या निर्घृण वाटणाऱ्या सिद्धांताला पुढे मर्यादाही पडल्या. निवृत्तिवेतन ही सरकारने कृपावंत होऊन दिलेली बक्षिशी नसून आयुष्यभर केलेल्या कामाचा राखून ठेवलेला मोबदला होय, असे त्याच न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात ठरविले, आणि म्हणूनच निवृत्त मंडळी तो दिवस आजही पेन्शनर दिन म्हणून पाळतात. तात्पर्य, पदरात पडलेले काढून घेता येत नाही. परंतु पदरात पडायच्या गोष्टीचे स्वरूप बदलता येते. जुन्नर परगण्याला ही गोष्ट नवी वाटण्याचे कारण नाही. पिढ्यान्पिढ्या सनदांवर विसंबलेल्या परगणे व कुलकर्णी वतनांचा निकाल मुंबई विधिमंडळाने १९५० च्या एका कायद्याने लावला, आणि दप्तराच्या रुमालांत बांधून ठेवलेल्या सनदा त्यापुढे कागदच ठरल्या.

सरकारला अटी एकतर्फी बदलता येतात म्हटल्यावर विचारणेचे प्रयोजन उरते कोठे, असे कोणी म्हणेल. ते उरते, आणि नेमके तेथेच उरते. कारण ज्याची संमती कायद्याने अपरिहार्य असते त्याला विचारणे हा निव्वळ व्यवहार होय, परंतु ज्याच्या संमतीवाचून आपले अडत नाही त्याला विचारणे ही राज्यकर्त्याच्या न्यायबुद्धीची परीक्षा असते. विदेश संचार सेवेच्या बाबतीत ती परीक्षा कशी झाली ते पाहू.

१ एप्रिल १९८६ हा दिवस दूरसंचाराच्या इतिहासात दुहेरी महत्त्वाचा. त्याच दिवशी मुंबई व दिल्लीचे दूरध्वनी महानगर टेलिफोन निगमाकडे गेले आणि परदेशी दळणवळण विदेश संचार निगमाकडे. खात्याच्या चौकटीत राहून बाजारातून भांडवल उभे करता येत नाही, प्रत्येक यंत्रासाठी दिल्लीच्या मंजुरीची वाट पाहावी लागते, तंत्रविद्या मात्र वर्षागणिक पालटते, ही कारणे सरकारच्या बाजूने खरीच होती. नोकरवर्गाची सोय अशी लावली, की सर्वांची सरसकट कंपनीकडे बदली करून त्यांना प्रतिनियुक्तीवर समजावे. प्रतिनियुक्ती म्हणजे माहेरचे नाव कायम ठेवून सासरी नांदणे. नोकर सरकारचा, काम कंपनीचे. ही त्रिशंकू अवस्था पावणेचार वर्षे चालली. मग १९८९ सालच्या अखेरीस विकल्प मागविले गेले आणि १९९० च्या जानेवारीपासून विकल्प देणाऱ्यांना कंपनीत कायमचे सामावून घेण्यात आले. नोकरवर्गात या कागदाला कोणी विकल्पपत्र म्हणत नसे. तो ‘ऑप्शन फॉर्म’, आणि उपाहारगृहात, पाळी बदलताना, मुंबईच्या गाडीत एकच पृच्छा, ‘ऑप्शन दिलास का?’

हा कागद जरा जवळून पाहण्यासारखा आहे. सरकारी खात्याचे सार्वजनिक उपक्रमात रूपांतर झाल्यास नोकरांच्या निवृत्तिवेतनाचे काय करावे याविषयी केंद्र सरकारने जुलै १९८९ मध्ये एक सर्वसाधारण आदेश काढला होता. त्यात नोकरापुढे पहिला प्रश्न असा, की तुला कंपनीत राहायचे की सरकारात परतायचे? परतायचे म्हटले तर मूळ खाते उरलेलेच नसल्याने त्याचे नाव अतिरिक्त कर्मचाऱ्यांच्या कक्षात जाणार, आणि तो कक्ष जेथे जागा दाखवील तेथे, ज्या कामाचे त्याला ज्ञान नाही अशा कामावरही, त्याला जावे लागणार. नारायणगावात घर बांधलेल्या, मुले येथल्या शाळेत घातलेल्या तंत्रज्ञाला हा पर्याय कागदावर जितका मोकळा दिसतो तितका प्रत्यक्षात असत नाही. राहायचे म्हटले तर दुसरा प्रश्न: सरकारी सेवेचा हिशेब आज तोडून तेवढ्यापुरते निवृत्तिवेतन घेणार, की मागची सेवा पुढच्या सेवेला जोडणार?

उदाहरणादाखल आकडे मांडू; माणसे काल्पनिक, नियम मात्र खरे. त्या काळच्या नियमांप्रमाणे ३३ वर्षे सेवा झाली म्हणजे अखेरच्या दहा महिन्यांच्या सरासरी वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन पूर्ण मिळे आणि सेवा कमी असेल तर त्या प्रमाणात कमी. एका तंत्रज्ञाची सरकारी सेवा सामावून घेण्याच्या दिवशी २२ वर्षे झाली आहे आणि सरासरी वेतन २,१०० रुपये आहे. निम्मे १,०५०, त्याचे दोन तृतीयांश म्हणजे ७०० रुपये. हिशेब तोडला तर हे ७०० रुपये निश्चित झाले. परंतु ते १९९० च्या वेतनावर निश्चित झाले, आणि पुढे कंपनीत त्याचा पगार कितीही वाढला तरी मागच्या बावीस वर्षांचे मोल वाढायचे नाही. त्याच्या शेजारी बसणाऱ्या तरुणाची सेवा नऊ वर्षांची. निवृत्तिवेतनाला किमान दहा वर्षे लागतात, म्हणून त्याला निवृत्तिवेतन नाही; प्रत्येक पूर्ण सहामाहीस अर्ध्या महिन्याचे वेतन या हिशेबाने एकरकमी उपदान, म्हणजे अठरा सहामाह्यांचे नऊ पगार, एवढ्यावर सरकारशी त्याचा संबंध संपला. पुढे भविष्य निर्वाह निधी. दोघांनीही एकाच आठवड्यात एकाच नमुन्याच्या कागदावर सही केली. एकाच्या म्हातारपणाला दरमहाची रक्कम बांधली गेली आणि दुसऱ्याच्या म्हातारपणाला एक धनादेश. अवघ्या एका वर्षाच्या सेवेने पडलेला हा फरक सही करताना किती जणांच्या पूर्णपणे ध्यानात आला असेल? ज्याचे वय तिशीचे, ज्याला कंपनीचा वाढीव पगार डोळ्यांपुढे दिसतो आहे, त्याला अठ्ठावन्नाव्या वर्षाचा विचार करावयास लावणे हे विकल्प मागविणाऱ्याचे कर्तव्य होते की देणाऱ्याचे, याचे उत्तर आदेशात नसते. त्यात असते ती मुदत, आणि एकदा दिलेला विकल्प अंतिम समजला जाईल हे वाक्य.

या अंतिमतेचे फळ अनेक वर्षांनी न्यायालयांत दिसले. दहा वर्षे न भरलेल्यांपैकी काहींनी निवृत्तिवेतनासाठी धाव घेतली. कंपनीच्याच एका कागदाने आपल्याला तसा हक्क दिला होता, असे त्यांचे म्हणणे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००८ साली निकाल कंपनीच्या बाजूने लागला: प्रामाणिक चुकीतून कोणाला हक्क प्राप्त होत नाही, आणि अशी चूक दुरुस्त करता येते. कायद्याच्या दृष्टीने हे निर्दोष आहे. चूक करणारे दप्तर ती दुरुस्त करू शकते, विकल्प देताना चुकलेला नोकर मात्र आपली दुरुस्त करू शकत नाही, एवढेच मी नोंदवून पुढे जातो. हिशेब तोडून निवृत्तिवेतनाच्या बदली सर्व रक्कम एकदम उचललेल्या देशभरच्या मंडळींचीही अशीच कथा. विकलेल्या निवृत्तिवेतनाचा भाग पंधरा वर्षांनी इतर पेन्शनरांना परत मिळू लागला होता, तो उपक्रमांत सामावलेल्यांना नाकारण्यात आला. त्यांच्या पदरी तो निदान एक तृतीयांशापुरता पडावा यासाठी १९९५ साली सर्वोच्च न्यायालयास हस्तक्षेप करावा लागला.

आता याच देशात, याच प्रश्नावर, फार निराळ्या रीतीने विचारल्या गेलेल्या एका नोकरवर्गाकडे वळतो. तोही समुद्रापलीकडचा होता, फक्त उलट दिशेने. इंग्लंडातून येथे येऊन राज्य करणाऱ्या आय. सी. एस. अधिकाऱ्यांच्या अटींत फेरफार करण्यापूर्वी ब्रिटिश सरकारने शाही आयोग नेमले. १९१२ साली नेमलेल्या इस्लिंग्टन आयोगावर गोपाळ कृष्ण गोखले होते आणि महादेव भास्कर चौबळही होते. पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झालेला रॅम्से मॅक्डोनाल्ड त्यांच्या पंक्तीस होता. आयोग प्रांतोप्रांती फिरला, साक्षी झाल्या, वेतन, रजा, बढती, निवृत्तिवेतन यांवर अधिकाऱ्यांनी आपापली गाऱ्हाणी मांडली, आणि प्रकृती ढासळत असता गोखले त्या बैठकींना बसून उलटतपासणी करीत राहिले. १९१५ च्या फेब्रुवारीत ते निवर्तले; अहवालावर सही करावयास ते राहिले नाहीत. युद्धाने आणि महागाईने तो अहवाल शिळा झाल्यावर १९२३ साली लॉर्ड ली यांचा आयोग आला. त्यावर नारायण माधव समर्थ हे मुंबईचे मराठी गृहस्थ होते. १९२४ च्या ली अहवालाने युरोपियन अधिकाऱ्यांचा समुद्रपार भत्ता पौंडांत देण्याची आणि सेवाकालात अधिकारी व त्याची पत्नी यांना चार वेळा स्वदेशी जाऊन येण्याचे आगबोटीचे भाडे सरकारने सोसण्याची शिफारस केली. त्याच अहवालाने पंधरा वर्षांत सेवेत निम्मे हिंदी लोक यावेत असेही सुचविले होते. वर्षाकाठी हा भार ज्यांच्या करांतून निघायचा त्या हिंदी लोकांच्या मध्यवर्ती विधिमंडळाने १९२४ च्या सप्टेंबरात मोतीलाल नेहरूंच्या पुढाकाराने शिफारशी फेटाळल्या. त्या बव्हंशी अमलात आल्याच. विचारणा कशी करावी याचा तो वस्तुपाठ होता, फक्त ज्याला खावयाचे त्याला विचारले गेले आणि ज्याला वाढावयाचे त्याचा नकार ताटाखाली सारला गेला.

१९४७ साली राज्य जाताना या अधिकाऱ्यांपैकी प्रत्येकास व्यक्तिशः विचारण्यात आले, की नव्या राजवटीत राहणार की जाणार. जाणाऱ्या युरोपियनांना करिअर तुटल्याची नुकसानभरपाई मिळाली. राहणाऱ्यांना स्वातंत्र्याच्या कायद्याच्या दहाव्या कलमाने वेतन, रजा व निवृत्तिवेतन यांची जुनीच हमी दिली आणि आपल्या संविधानाने ३१४ व्या अनुच्छेदात ती पुढे चालविली. संविधान सभेत यावर टीका झाली तेव्हा सरदार पटेलांनी दिलेला शब्द पाळलाच पाहिजे म्हणून खंबीर भूमिका घेतली होती. २३ वर्षांनी, १९७२ साली, अठ्ठाविसाव्या दुरुस्तीने ३१४ वा अनुच्छेद रद्द झाला व या मंडळींच्या अटी बदलण्याचा अधिकार संसदेकडे आला. तेव्हा ते अधिकारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके नसले तरी ओसरत्या संख्येत होते, आणि त्यांच्या विशेषाधिकारांसाठी कोणी अश्रू ढाळले नाहीत. मीही ढाळणार नाही. परंतु संविधानात लिहिलेली हमीसुद्धा बहुमताने पुसता येते, हे आर्वीच्या तंत्रज्ञाने विकल्पपत्र भरण्यापूर्वीच सिद्ध झालेले होते.

गोव्याचे प्रकरण या दोहोंच्या मधले. पोर्तुगालच्या समुद्रपार प्रांतांच्या नोकरशाहीचे नियम लिस्बनहून येत आणि पणजीचा कारकून मोझांबिकच्या कारकुनाचा व्यवसायबंधू असे. १९६१ च्या डिसेंबरात ते राज्य गेले. मागे राहिलेल्या नोकरांचे वेतन, ज्येष्ठता, रजा हे सारे भारतीय साच्यात बसवावयाचे होते, आणि त्यासाठी संसदेला १९६५ साली सामावून घेतलेल्या कर्मचाऱ्यांचा स्वतंत्र कायदा करावा लागला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाड्याचे हैदराबादी आणि विदर्भाचे मध्यप्रदेशी नोकर मुंबई राज्यात आले, त्यांच्यासाठी कायद्याने निदान एवढे कुंपण घातले होते, की त्यांच्या जुन्या अटी त्यांच्या तोट्याच्या दिशेने बदलावयाच्या तर केंद्राची पूर्वसंमती हवी. त्रयस्थाची संमती मागणे हे नोकरास विचारण्यासारखे नव्हे, तरीही हुकूम काढणाऱ्या हाताला क्षणभर थांबविणारे ते काहीतरी होते.

स्वतंत्र भारताने विचारणेची कायमची व्यवस्था केली नाही असे मात्र नाही. जुलै १९६० मध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांचा पाच दिवसांचा मोठा संप झाला, तो सरकारने कठोरपणे मोडला, आणि त्या अनुभवातून १९६६ च्या ऑक्टोबरात संयुक्त सल्लागार यंत्रणा जन्मास आली. इंग्लंडातील व्हिटली मंडळांचा हा नमुना. राष्ट्रीय परिषद, प्रत्येक खात्याची परिषद आणि कचेरीची परिषद अशा तीन पायऱ्या; एका बाजूस सरकारपक्ष, दुसऱ्या बाजूस कर्मचारीपक्ष. वेतन व भत्ते, आठवड्याचे कामाचे तास आणि रजा या तीन विषयांवर मतभेद राहिला तर लवाद मंडळाकडे जाण्याची सोय, आणि लवादाचा निवाडा संसदेच्या अधिकाराच्या अधीन राहून बंधनकारक. कागदावर ही व्यवस्था उत्तम आहे आणि अनेक भत्त्यांच्या बाबतीत ती उपयोगीही पडली. पण तिची मर्यादा वरील तीन विषयांत दडली आहे. तुमचे खाते उद्या राहणार की कंपनी होणार, हा प्रश्न वेतन, तास आणि रजा यांपैकी कशातच मोडत नाही. घराचे भाडे किती असावे यावर भाडेकरूशी वर्षानुवर्षे वाटाघाट करायची आणि घर विकल्याची बातमी त्याला वर्तमानपत्रातून कळू द्यायची, असाच हा प्रकार होय.

विदेश संचाराच्या नोकरांना जे विकल्पपत्राने साधले नाही ते, त्यांची कंपनी झाल्यापासून चौदा वर्षांनी, त्यांच्या थोरल्या भावंडांनी साधले. १ ऑक्टोबर २००० रोजी दूरसंचार खात्याची भारत संचार निगम ही कंपनी व्हावयाची होती. नारायणगावच्या टेलिफोन एक्स्चेंजपासून दिल्लीच्या संचार भवनापर्यंत लाखो माणसांचा हा प्रश्न. सप्टेंबरात देशभर संप झाला, आणि कंपनी अस्तित्वात येण्याच्या पूर्वसंध्येस, ३० सप्टेंबरला, निवृत्तिवेतनाच्या नियमांत ३७-अ हा नवा नियम आला: सामावून घेतलेल्यांना मागची आणि पुढची सेवा जोडून सरकारी निवृत्तिवेतन मिळेल आणि ते सरकार देईल. दोन प्रसंगांत भेद कोणता? संख्येचा तर होताच. विदेश संचार सेवा दूरसंचार खात्यापुढे चिमुकली. परंतु संख्येइतकाच काळाचा भेद होता. एका प्रसंगी नोकराचे म्हणणे कंपनी होऊन गेल्यावर, छापील रकान्यांत मागितले गेले. दुसऱ्या प्रसंगी ते कंपनी होण्याआधी, रस्त्यावरून का होईना, ऐकावे लागले. रस्त्यावरून ऐकावे लागले ही काही भूषणाची गोष्ट नव्हे. परिषदेच्या टेबलावर जे तीन महिन्यांत ठरले असते ते ठरविण्यासाठी देशाचे दूरध्वनी बंद पडावे लागले. पण नोकराच्या म्हणण्याने हुकूम बदलू शकेल अशा वेळी तो बोलला, म्हणून त्याचे बोलणे फुकट गेले नाही.

यानंतर सरकारने एक फार चतुर मार्ग शोधला. सेवेत असलेल्यांना विचारले की ते हरकत घेतात. मग जे अजून सेवेत आलेलेच नाहीत त्यांच्या अटी बदलाव्या, कारण त्यांना विचारण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. केंद्राने १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू होणाऱ्यांना जुने निवृत्तिवेतन बंद करून अंशदानाची योजना लागू केली. त्या दिवशी जो विरोध करू शकला असता तो शाळेत वा महाविद्यालयात होता. हीच मुले पुढे तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, परिचारिका होऊन जुन्नर आंबेगावच्या गावोगावी पसरली, आणि १४ मार्च २०२३ रोजी राज्यभर जो सात दिवसांचा संप सुरू झाला त्यात ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत तहसील कचेरीपुढे बसलेल्यांत हीच पिढी होती. विचारणा टाळली असे वाटले होते. ती अठरा वर्षे लांबली, इतकेच. संपाच्या काळातच राज्य सरकारने निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती नेमली, आणि केंद्राने सोमनाथन समितीमार्फत कर्मचारी संघटनांशी बोलणी करून २४ ऑगस्ट २०२४ रोजी एकीकृत निवृत्तिवेतन योजना जाहीर केली: पंचवीस वर्षे सेवा झाल्यास अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मे, किमान दहा वर्षे झाल्यास महिना १०,००० रुपये. दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ती स्वीकारली.

केंद्राच्या नोकरांपुढे पुन्हा विकल्पपत्र आले. या वेळी बोलणी आधी झाली होती आणि विकल्प नंतर, हा क्रम आर्वीच्या मानाने सुधारलेला म्हणावा लागेल. विकल्प देण्याची मुदत प्रथम ३० जून २०२५ होती; ती ३० सप्टेंबरपर्यंत वाढविली आणि नंतर ३० नोव्हेंबरपर्यंत. मुदतवाढ ही दप्तराची ढिलाई म्हणून हसण्यावारी नेण्याची आपली सवय आहे, पण येथे तिचा अर्थ वेगळा दिसतो. साठलेला निधी हाती ठेवावा की निश्चित निवृत्तिवेतनाच्या बदल्यात सोडावा, हा हिशेब २६ वर्षांच्या लिपिकास एक उत्तर देतो आणि ५६ वर्षांच्या अधीक्षकास दुसरे. आणि तो करून पाहिल्याविना सही न करण्याइतका शहाणपणा आता नोकरवर्गात आला आहे. त्याच वर्षीच्या ऑगस्टात सरकारने आणखी एक गोष्ट केली, जी १९८९ च्या आदेशात कोणी शोधूनही सापडली नसती: एकीकृत योजना पत्करलेल्यास निवृत्तीच्या किमान एक वर्ष आधीपर्यंत, एकदाच, माघारी अंशदानाच्या राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत जाण्याची मुभा दिली.